कांबळे साहेबांना विचारा

कस्टमर सपोर्टच्या खुर्चीत काही वर्षं काढलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपणहून येऊन बसतात आणि मग उठायचं नाव घेत नाहीत. आम्ही कंपनीतली जुनी मंडळी कुठे जेवायला जमलो की कोणीतरी एक आठवण काढतं, दुसरा त्याला दुरुस्त करतो, तिसरा म्हणतो, 'थांबा, त्याच्याआधीचं सांगतो', आणि पानातलं सगळं गार होतं. परवा असंच झालं तेव्हा सगळे मला म्हणाले, "लिमये, तू हे एकदा लिहून काढ."

काढते. फक्त एक आधीच सांगून ठेवते. हे किस्से माझ्या नोकरीतले आहेत. सपोर्टचा फोन माझ्या टेबलावर होता, ग्राहकांचं मंडळ मी सुरू केलं, पहिल्या बैठकीचे बटाटेवडेसुद्धा मी सांगितले होते. तरी प्रत्येक किश्शात शेवटी भाव खाऊन जातो तो एकच माणूस, आणि तो माणूस मी नाही.

*

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव 'दौत'. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायचं, एवढंच त्याचं काम. आज हे सांगताना गंमत वाटते, पण नव्वदनंतरच्या त्या वर्षांत पुण्यात गल्लोगल्ली डीटीपी सेंटरं निघत होती आणि लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं कॉम्प्युटरवर यायला लागलं होतं. शनिवार पेठेत चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. मालक करंदीकर साहेब, प्रोग्रॅम लिहिणारी तीन-चार मुलं, आणि ग्राहकांचे फोन घ्यायला मी.

एके दिवशी कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ जिना चढून आले. कांबळे साहेब. सरकारी खात्यातून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, धायरीला राहणारे. त्यांच्या भागातल्या विहारासाठी त्यांना वंदनेची छोटी पुस्तिका छापायची होती, म्हणून 'दौत' घेतली होती. पालीतला 'पञ्ञा' हा शब्द काही केल्या उमटत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ञ ला ञ जोडला की चौकोन यायचा.

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. म्हटलं, सर, ते जोडाक्षर सध्याच्या आवृत्तीत उपलब्ध नाहीये.

"पञ्ञा म्हणजे प्रज्ञा," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडे प्रज्ञा उपलब्ध नाही, असं समजू का?"

आतून करंदीकरांचं हसणं ऐकू आलं. ते स्वतः बाहेर आले, कांबळे साहेबांना आत घेऊन गेले, चहा मागवला. मी तिथे कामाला लागून दोन वर्षं झाली होती. मला आत बसवून कोणी चहा पाजला नव्हता.

*

मग करंदीकर मुंबईला कुठल्यातरी सेमिनारला गेले आणि परत आले ते एक नवा शब्द घेऊन. कम्युनिटी. आता नुसतं विकायचं नाही, ग्राहकांनी एकमेकांना ओळखलं पाहिजे, ब्रँडभोवती कुटुंब तयार झालं पाहिजे, वगैरे. कुटुंब तयार करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

ग्राहकांच्या पहिल्या बैठकीची मी जीव तोडून तयारी केली. शाळेचा वर्ग मिळवला, प्रोजेक्टर भाड्याने आणला, 'दौतचे पंचवीस शॉर्टकट' अशा पारदर्शिका स्वतः बनवल्या. माणसं आली, पण प्रत्येकजण दुसऱ्यापासून दोन बाकं सोडून बसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळे डीटीपीवाले म्हणजे एकमेकांचे स्पर्धक. शेजारच्याला पानाचा भाव कळू नये म्हणून कोणी तोंड उघडायला तयार नाही. मी शॉर्टकट सांगत राहिले, ते वड्यांच्या डब्याकडे बघत राहिले.

शेवटी मी विचारलं, काही शंका? तर कांबळे साहेब उठले. म्हणाले, शंका नाही, पण आपण आज कोणाच्या शेजारी बसलोय ते तरी कळू द्या. प्रत्येकाने एवढंच सांगा, की शेवटचं काय टाइप केलंत?

एकाने सकाळीच एका आजोबांची श्रद्धांजली केली होती. एकीने पापडाच्या पाकिटावरचा मजकूर. मग धायरीचा रायकर उठला. घरची शेती, आणि रस्त्याला लागून काढलेलं एक टेबल-खुर्चीचं सेंटर.

"मी दोनच कामं करतो," तो म्हणाला. "जमिनीच्या वाटपाचे अर्ज आन लग्नपत्रिका. दोन्हीत नावं लय असत्यात. अर्जातली आधी भांडत्यात, पत्रिकेतली छापून आल्यावर."

वर्ग असा हसला की मधलं दोन बाकांचं अंतर आपोआप मिटलं. त्यानंतर कोणी घरी जाईना. सात वाजता शिपायाने दिवे घालवले तेव्हा सगळे कांबळे साहेबांभोवती उभे होते. माझ्या पंचवीस शॉर्टकटांची झेरॉक्स जवळजवळ सगळी बाकावरच राहिली होती. दोन-चार गेल्या, त्या वडे गुंडाळायला.

*

पुढच्या काही महिन्यांत माझ्या टेबलावरचा फोन वाजेनासा झाला. आधी दिवसभर किणकिणायचा, आता सकाळ-सकाळ गप्प. करंदीकर खूश. म्हणाले, बघ, प्रॉडक्ट केवढं सुधारलं. मला मात्र धास्ती बसली. सपोर्टला फोन येत नसेल तर सपोर्टला पगार किती दिवस येणार?

मीच मग एका ग्राहकाला फोन केला. सदाशिव पेठेतले एक वकील होते, त्यांना छपाईला दर आठवड्याला अडचण यायची. विचारलं, कसं चाललंय? ते म्हणाले, उत्तम. मागच्या आठवड्यात अडलं होतं, पण कांबळे साहेबांना विचारलं.

"काय सांगितलं त्यांनी?"

"कॉम्प्युटर बंद करा, चहा घ्या, परत चालू करा."

मी म्हटलं, अहो, हे उत्तर चूक आहे. प्रिंटरची एक फाइल बदलावी लागते, मॅन्युअलमध्ये सविस्तर दिलंय, मीच लिहिलंय ते.

"असेल," वकील म्हणाले. "पण चहा चांगला झाला होता, आणि प्रिंटही आली."

हीच माझी खरी जळफळ होती. हा माणूस माझ्यापेक्षा हुशार असता तर मी मुकाट्याने पाय धरले असते. पण कांबळे साहेबांना 'दौत'मधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. 'सेव्ह' आणि 'सेव्ह ॲज' यातला फरक मी त्यांना निदान चारदा समजावला होता. तरीही धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमधला फोन दिवसभर बिझी, आणि कंपनीचा अधिकृत नंबर मोकळा!

*

मी बारकाईने विचार केला. हा माणूस करतो काय? लोकांची चौकशी करतो. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, मुलाचं ॲडमिशन कुठे झालं. म्हटलं, हे काय अवघड आहे? मीही करीन.

दुसऱ्याच दिवशी कोथरूडच्या एका प्रेसवाल्यांना फोन लावला. आवाजात होईल तेवढा ओलावा आणला आणि विचारलं, काय म्हणता काका, मुलीची दहावी कशी झाली?

पलीकडून आवाज आला, "मला मुलगी नाही. मुलगा आहे. गेल्या महिन्यात तुमच्याकडेच इंटरव्ह्यूला आला होता. आपणच त्याला नापास केलंत."

मी म्हटलं, बरं, छपाईला काही अडचण नाही ना?

"छपाईला नाही," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

*

'दौत' मंडळ फुगत गेलं. नाशिकहून, सांगलीहून लोक बैठकीला यायला लागले. हे बघून एका बाहेरच्या कंपनीने, जिचं असंच एक टाइपिंगचं सॉफ्टवेअर होतं, कांबळे साहेबांना निरोप पाठवला की आपण आमचं मंडळ चालवा, घरी नवा कॉम्प्युटर देतो.

करंदीकरांची झोप उडाली. मला खोटं बोलायचं नाही, मी रात्रभर शांत झोपले. पण सकाळी मलाच धायरीला पिटाळलं गेलं, कांबळे साहेबांचं मन वळवायला.

साहेब घरी नव्हते. दार त्यांच्या पत्नीने, सुशीलाबाईंनी उघडलं. बसवलं, पोहे केले, आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "त्या कंपनीला नाही सांगून टाकलंय त्यांनी. तुम्ही उगाच सिंहगड रोडची धूळ खाल्लीत."

मी म्हटलं, बरं झालं. पण माझ्या आवाजात आनंद पुरेसा उतरला नसावा. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्हाला ते गेलेले चालले असते का?" त्यांनी विचारलं.

मी पोहे खात राहिले. तर त्या पदराने कप पुसत म्हणाल्या, "मलाही चाललं असतं. नोकरीत होते तेव्हा सदानकदा दौऱ्यावर. म्हटलं, रिटायर झाल्यावर तरी दोन शब्द माझ्याशी बोलतील. तर तुम्ही लोकांनी ही दौत आणून दिलीत. आता सांगलीच्या माणसाच्या सुनेला कितवा महिना लागलाय ते यांना माहीत, आणि माझा चष्मा बदलून चार महिने झाले ते यांनी अजून बघितलेलं नाही."

इतक्या वर्षांत मला समजून घेणारं कोणी भेटलं नव्हतं, ते त्या दिवशी धायरीत भेटलं. आम्ही दोघींनी मिळून साहेबांबद्दल मनसोक्त तक्रारी केल्या. तेवढ्यात फोन वाजला. सुशीलाबाईंनी तो उचलला, पलीकडच्याचं थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "बंद करा, चहा घ्या, परत चालू करा."

फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "एवढं तर मलाही येतं," म्हणाल्या. "पण मला कोणी मागून धन्यवाद द्यायला फोन करत नाही."

*

त्याच वर्षी करंदीकरांनी ठरवलं की वार्षिक मेळाव्यात कांबळे साहेबांचा सत्कार करायचा. मानपत्र लिहायचं काम कोणाकडे आलं असेल ते सांगायला नको. मी दात-ओठ खात, पण मनापासून, चांगलं मानपत्र लिहिलं. 'दौत'मध्येच टाइप केलं, कडेने आमची नवी वेलबुट्टी लावली आणि छापून आणलं. करंदीकरांनी ते न बघता थेट व्यासपीठावर वाचायला घेतलं.

"आदरणीय कांबळे साहेब, गेली अनेक वर्षे आपण स्वार्थी वृत्तीने ग्राहकांची सेवा करीत आहात."

मी मानपत्राकडे धावले. ओळीच्या शेवटी शब्द तुटला होता, 'निः' वरच्या ओळीत राहिला होता आणि वेलीच्या एका पानाखाली गडप झाला होता. खालच्या ओळीची सुरुवात 'स्वार्थी'ने. मी शपथेवर सांगते, यात माझा हात नव्हता. पण मंडळात माझ्या पोटदुखीची कल्पना नसलेला एकही माणूस नव्हता, आणि सगळे माझ्याकडेच बघत होते.

कांबळे साहेब उठले. माइक हातात घेतला. म्हणाले, मानपत्रात एक अक्षर चूक नाही. मला माणसांत बसायला आवडतं, त्यासाठी मी हे करतो, म्हणजे हा माझा स्वार्थच आहे. लिमयेताईंनी तो ओळखला, आजवर कोणी ओळखला नव्हता.

टाळ्या थांबेनात. मी खाली मान घालून शाल उलगडत होते तेव्हा रायकर शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, ही दौत मनातलं बी टाईप करती व्हय?"

*

पुढे इंटरनेट आलं, मग फोनवर फुकट मराठी आलं आणि 'दौत' विकत घ्यायचं कोणाला कारण उरलं नाही. करंदीकरांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली. चष्म्याच्या दुकानावरून मी थेट हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत गेले. सकाळी दीड तास कंपनीच्या बसमध्ये, संध्याकाळी दोन.

तिथला माझा नवा मॅनेजर माझ्या भाच्याच्या वयाचा होता. त्याने पहिल्याच मीटिंगमध्ये जाहीर केलं की आपल्याला ब्रँडभोवती कम्युनिटी बिल्ड करायची आहे. त्याने वेबसाइटवर फोरम काढला, बक्षिसं लावली, टी-शर्ट छापले. फोरमवर सहा महिन्यांत जे काही लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं त्याने आणि मीच लिहिलं होतं.

मग त्याला कुठून तरी कळलं की 'दौत' मंडळ अजून भरतं. प्रॉडक्ट बंद होऊन कितीतरी काळ लोटला होता, तरी महिन्यातून एका रविवारी धायरीत. तो म्हणाला, मॅम, मला तिथे घेऊन चला. नेलं. टी-शर्टचा खोकाही बरोबर.

खोली भरलेली होती. बराच वेळ तो ऐकत बसला. कोणाच्या तरी भावाला नोकरी लागली होती, कोणाला किडनीचा डॉक्टर हवा होता, एकीच्या मुलीसाठी स्थळ आलं होतं आणि त्या मुलाची अख्खी कुंडली दुसऱ्याला तोंडपाठ होती. शेवटी न राहवून त्याने रायकरला विचारलं, सर, आप लोग अभी दौत यूज करते हो?

रायकरने मोबाइल दाखवला. यावरच समदं, म्हणाला.

"तो फिर ये दौत कम्युनिटी कैसे हुई?"

रायकरने मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, "घराला आजोबांचं नाव असतंय ना, आजोबा नसले तरी. तसं."

परतताना बसायला मॅनेजरच्या गाडीत जागा नव्हती, टी-शर्टचा खोका होता. तो खोका मांडीवर घेऊन मी घरापर्यंत आले. वाटेत तो एकदाच बोलला. "मॅम, ये आपने बिल्ड किया?"

मी हो म्हणणार होते. अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, "कांबळे साहेबांना विचारा."

*

आता शेवटचा. हा मी आजवर कोणाला नीट सांगितलेला नाही.

मी निवृत्त झाल्यानंतर एकदा दुपारी कांबळे साहेबांना भेटायला गेले. ते खूप थकले होते. डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, बैठका थांबल्या होत्या, मंडळातले काही जण गेले, काही मुलांकडे परदेशात. सुशीलाबाई आत पडल्या होत्या. आम्ही बोलत असताना साहेबांचा मोबाइल वाजला. त्यांनी चाचपडत घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. आज उशीर झाला, म्हणाले. जेवलीस का? मेसच्या भाजीत आजही पाणीच होतं का? परभणीला पाऊस पडला का, वडिलांनी पेरणी केली का?

मला वाटलं नात. मी खुणेने विचारलं, तर फोनवर हात ठेवून म्हणाले, नाही हो, बँकेची मुलगी आहे. कर्ज हवंय का म्हणून फोन आला होता एकदा. मी म्हटलं, कर्ज नको, पण तुझा आवाज बसलाय, काय झालं? तेव्हापासून रोज करते. हिंजवडीला कॉल सेंटरमध्ये आहे, होस्टेलला राहते, दिवसभर लोक तिच्या अंगावर ओरडतात.

माझी जुनी जळफळ परत आली. डोळे गेले, मंडळ गेलं, दौत केव्हाच गेली, तरी या माणसाला कर्ज विकायला फोन करणारी मुलगीसुद्धा सोडत नाही. माझा फोन आठवड्यातून दोनदा वाजतो, त्यातला एक गॅसवाल्याचा असतो.

"थांब," ते तिला म्हणाले, "आज कोण आलंय बघ," आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, हॅलो, मी लिमये.

पलीकडून मुलगी म्हणाली, "तुम्हीच का त्या लिमयेताई?"

"का?"

"काही नाही. रोज तुमचंच सांगतात. लिमयेताईंना सगळं यायचं, लिमयेताईंचा फोन कधी चुकायचा नाही, लिमयेताईंना विचार. खरं सांगू का मॅडम? मला तुमचा रागच यायला लागला होता."

कांबळे साहेब भिंतीकडे बघत हसत होते. मी खुर्ची जवळ ओढली. मग तिला विचारलं, तुमच्या बँकेचा व्याजदर काय आहे, जरा नीट सांग, मला वेळ आहे.